ग्लास खाली ठेवेपर्यंत

मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

साहेब गाव सोडून चालला ही बातमी उपताईला सगळ्यांच्या आधी कळली, आणि ती "बरं" म्हणाली.

साहेब म्हणजे गावाचा प्रशासक. रस्ते, गटारं, नळ, दिवे, दाखले, सगळं त्याच्या सहीने चालायचं. वयाने तरुण, अंगाने काटकुळा, बोलताना पेनाचं टोपण उघडबंद करायची खोड. त्याला मोठ्या शहरातून बोलावणं आलं होतं.

"महिनाअखेरीला निघेन म्हणतो," तो म्हणाला. "तुम्हाला काही विचारायचं नाही?"

"नाही. बरं झालं."

"बरं झालं?"

"तुमच्यासाठी हो," असं म्हणून उपताईने त्याच्या टेबलावरचं पंचिंग मशीन उचललं आणि आपल्या खोलीत गेली. मुळात ती तेवढ्यासाठीच आली होती.

उपताई हे काही तिचं नाव नव्हे. उपप्रशासक एवढं लांबलचक पद उच्चारायचा गावाला कंटाळा. गावाने मधलं सगळं गिळलं आणि पुढे ताई चिकटवलं. आता नणंद सोडून सासरची माणसंसुद्धा चारचौघांत तिला उपताईच म्हणत. नवरा चष्मे बनवायचा. तो म्हणे, "माझं लग्न एका 'उप'शी झालंय. मुख्य कोण, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

याआधी दोन साहेब असेच निघून गेले होते. दोन्ही वेळा नवा माणूस मिळेपर्यंत उपताईला हंगामी प्रशासक नेमलं. पहिल्या वेळी ती हरखली होती. पाठ दुखते म्हणून खुर्चीला लावायची उशी आणि खिडकीतली कुंडी घेऊन ती मोठ्या खोलीत बसायला गेली. गाव तिने चांगलं चालवलं, असं तिला पाण्यात पाहणारेही म्हणत. मग नवा साहेब आला. त्या दिवशी तीच कुंडी पोटाशी धरून, उशी काखेत मारून ती व्हरांड्यातून परत आली, तेव्हा दाखल्यांच्या रांगेतली माणसं एकदम भिंतीवरच्या नोटिसा वाचायला लागली. नोटिसा जुन्या होत्या, सगळ्यांना पाठ होत्या. दुसऱ्या वेळी तिने उशी नेलीच नाही. पाठ दुखली, पण परत काही उचलून आणावं लागलं नाही.

त्यानंतर तिच्यात काहीतरी निजलं ते निजलंच. दात काढताना हिरडीत सुई टोचतात आणि मग आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं. चहा कढत आहे की गार, हे तिला कप संपल्यावर कळायचं. कुणी रागावलं तरी "बरं", कुणी कौतुक केलं तरी "बरं".

पण बधिर ओठाच्या आत दात होता, आणि तो जिथल्या तिथे होता. तिला ती खुर्ची हवी होती. मनापासून हवी होती, आणि निवृत्तीआधी ही शेवटची खेप होती. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.


विषय एक: क्रम लावणे

या गावाच्या सभेची एक तऱ्हा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पूर्वी इथेही हात वर करून मतं घेत. मग एकदा बाजार कुठे हलवायचा यावरून अशी जुंपली की भाऊ भावाच्या दारावरून जाईना, ठरलेली लग्नं मोडली आणि गावातल्या एका न्हाव्याने निम्म्या गावाच्या दाढ्या करायचं सोडून दिलं. तेव्हाच्या शहाण्यासुरत्या माणसांनी विचार केला आणि हात हेच भांडणाचं मूळ आहे असं ठरवलं. तेव्हापासून सभेत ठराव वाचला जातो, अध्यक्ष पाण्याचा ग्लास उचलतात आणि सावकाश पितात. ग्लास खाली ठेवेपर्यंत कुणी "हरकत" म्हटलं नाही की ठराव मंजूर. कुणी म्हणत नाही. भर पाणी पिताना माणसाला टोकणं बरं दिसत नाही.

यातून एक गोष्ट आपोआप झाली. एका विषयावर दोन-तीन ठराव असले, तर जो आधी वाचला जाईल तो मंजूर होतो आणि उरलेले ओघानेच बाद. म्हणजे गावाचा निर्णय सभेत होतच नाही. तो आधीच, कार्यक्रमपत्रिका तयार करताना, खालीवर करण्यात होतो. आणि खालीवर करायचं काम उपप्रशासकाचं.

नव्या प्रशासकासाठी ठराव तीन होते. भरती करणाऱ्या बाहेरच्या संस्थेला काम द्यायचं, म्हणजे जाहिरात, मुलाखती, सगळं त्यांनी बघायचं. किंवा शेजारच्या गावाचा प्रशासक आठवड्यातून थोडे दिवस उसना घ्यायचा. किंवा उपताईला नेमायचं, कायमचं.

"तिन्ही मांडू," साहेब टोपण लावत म्हणाला. "क्रम तुम्ही लावा." त्याचं मन केव्हाच सामान बांधून बसलं होतं.

मग एकेक जण यायला लागला.

वखारवाला आला. सभेतला सगळ्यात जुना सदस्य, भुवयांत कायम लाकडाचा भुसा.

"सहज आलो होतो."

"बसा."

"बसत नाही. क्रमाबद्दल मला काही म्हणायचं नाही."

"बरं."

"संस्था वर असली म्हणजे कागद जरा भारदस्त दिसतो, एवढंच. आणि मी काही म्हणालो असं म्हणू नकोस."

"तुम्ही काही म्हणालाच नाहीत."

"हेच," वखारवाला म्हणाला आणि गेला. खुर्चीवर न बसताही तिथे भुसा पडला होता.

मास्तर आले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दार लावून घेऊन बोलले.

"तुमचं नाव वर असावं असं माझं प्रांजळ मत आहे."

"मग सभेत सांगा की."

"छे, छे. मी सुचवलं असं अजिबात होता कामा नये. म्हणतील, उपताईने मास्तरांच्या जावयाला नळ जोडून दिला, त्याची ही परतफेड."

"दिला होता ना मी जोडून."

"दिलात की. म्हणून तर म्हणतोय."

औषधवाला स्वतः आला नाही. त्याने पाठदुखीच्या मलमाची ट्यूब पाठवली आणि निरोप धाडला की त्याला काहीही चालेल.

शेवटी अध्यक्ष आल्या. अध्यक्ष म्हणजे उपताईची सख्खी नणंद. गावची बेकरी तिची. कोपरापर्यंत पीठ तसंच घेऊन आली होती.

"वहिनी, काय चाललंय?"

"क्रम लावतेय. वन्सं, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी पाणी पिणार."

"तरी पण."

"हे बघ. मी तुला वर घाल म्हटलं तर लोक म्हणतील, घरचंच पीठ, घरचीच भट्टी. खाली घाल म्हटलं तर माझा भाऊ माझं तोंड बघायचा नाही. तेव्हा मी आपली काहीच म्हणत नाही. तू हुशार आहेस, तुला कळतं."

"म्हणजे सगळं माझ्यावर."

"कुणी म्हटलं असं?" नणंदेने विचारलं. जाताना दाराच्या कडेला तिची पांढरी बोटं उमटली. उपताईने ओल्या फडक्याने पुसली आणि परत टेबलाशी येऊन बसली.

प्रत्येकाने सुरी आणून तिच्या हातात दिली होती आणि आपण सुरी पाहिलीच नाही असं सांगून गेला होता. "तुला हवंय का?" एवढं मात्र कुणी विचारलं नाही.


विषय दोन (निर्णय झाला नाही)

"लावलास का क्रम?" रात्री घरी नवऱ्याने विचारलं.

"लावते."

"स्वतःला वर घाल. झालं."

"स्वतःच्या हाताने?"

"मग काय माझ्या?"

"अहो, बशी पुसून ठेवा. ओली नको."

"पुसलीय. विषय बदलू नकोस. तुला ती खुर्ची हवीय की नकोय?"

"बघू."

"बघू हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर झालं? मी गिऱ्हाइकाला विचारतो, हे अक्षर दिसतंय का? तो म्हणाला बघू, तर मी त्याला नंबर कुठला देऊ?"

तिने दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं.

"मी ताईशी बोलू का?"

"वन्संना काही बोलू नका."

"अगं, तिने मला कडेवर घेऊन वाढवलंय. माझं ऐकेल ती."

"म्हणून तर नको."

"मग तू बोल. कुणाशी तरी बोल. निदान माझ्याशी तरी."

"दूध उतू चाललंय."

"ते मला दिसतंय."

"मग बंद करा की गॅस."

त्याने गॅस बंद केला. ओट्यावरचं दूध दोघांनी मिळून पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिने तिन्ही कागद पुढ्यात घेतले आणि एकावर एक ठेवले. वर संस्था, मध्ये शेजारचा, सगळ्यात खाली स्वतः. विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. हाताला वळण लागलेलं असतं. तिचा हात तिला नेहमी खालीच ठेवायचा.


विषय तीन: सभा

सभागृह वरच्या मजल्यावर. लांब टेबल, त्यावर हिरवं जाड कापड, कापडावर शाईचा एक जुना डाग. त्या डागावर अध्यक्षांचा ग्लास ठेवायची पद्धत, म्हणजे डाग दिसत नाही. खिडक्यांना एवढ्या वेळा रंग लावलेला की त्या आता उघडतच नाहीत. प्रेक्षकांच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमन. तो प्रत्येक सभेला येतो आणि झोपतो. घरी सुनेच्या टीव्हीमुळे झोप येत नाही म्हणतो.

टेबलाच्या डोक्याशी नणंद. एका बाजूला वखारवाला आणि औषधवाला, दुसऱ्या बाजूला मास्तर. साहेब जरा मागे सरकून बसलेला, जणू फोटोत यायचं नाही. उपताई टोकाला, इतिवृत्त लिहायला.

नणंदेने पहिला ठराव वाचला. नव्या प्रशासकाची निवड बाहेरच्या संस्थेकडे सोपवण्यात यावी. वाचून झाल्यावर तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, उपताईकडे पाहिलं नाही, आणि ग्लास उचलला.

पाणी एक बोटभर खाली गेलं.

वखारवाल्याने घसा खाकरला, पण तो नुसताच खाकरला.

पाणी अर्ध्यावर.

मास्तर छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

पाणी तळाशी.

उपताईने लिहायला सुरुवात केली: ठराव एकमताने. पुढचा शब्द तिला इतका सवयीचा होता की तो लिहिताना ती दुसरं काहीही करू शकली असती. भाजीचा विचार करू शकली असती. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं.

"हरकत आहे," कुणीतरी म्हणालं.

नणंदेला ठसका लागला. उरलेलं पाणी हिरव्या कापडावर सांडलं. औषधवाल्याने उठून तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. बाकावरचा पोस्टमन जागा झाला.

"कोण बोललं?" श्वास आल्यावर नणंदेने विचारलं.

"मी," उपताई म्हणाली. तिलाही तेव्हाच कळलं.

"वहिनी, तुला बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"हिला हरकत घेता येते का पण?" वखारवाल्याने विचारलं. "ही सदस्य नाही."

"नियमात 'उपस्थितांपैकी कोणीही' असं आहे," मास्तर म्हणाले. "त्या उपस्थित आहेत."

"वर्षानुवर्षं उपस्थितच आहे," वखारवाला पुटपुटला.

"बरं, हरकत कशाला आहे?" नणंद म्हणाली. "संस्थेला? की शेजाऱ्याला आधी घ्यायचं होतं? तूच तर क्रम लावलास गं."

उपताईची काहीच तयारी नव्हती. तिने ओल्या कापडाकडे पाहिलं. डाग उघडा पडला होता.

"पाणी पिण्याला," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी पिऊ नका. हात वर करा. कुणाला काय हवंय ते मला बघायचंय."

साहेबाचं टोपण थांबलं. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि या वेळी ती शांतता कशातच मोजता येईना, कारण ग्लास रिकामा होता.

मग मास्तरांनी नियम पुन्हा वाचला. हरकत आली की हात वर करायचे, असं खरोखरच तिथे होतं. कुणी खोडायची तसदी घेतली नव्हती. नणंदेने तिन्ही ठराव ओळीने परत वाचले, सवयीने प्रत्येक वेळी ग्लासाकडे हात नेत आणि मागे घेत.

संस्थेसाठी वखारवाल्याचा हात वर गेला. सरळ, ताठ, एका बोटाचं पेर करवतीने नेलेलं. शेजारच्या प्रशासकासाठी कुणाचाच हात वर झाला नाही. तो ठराव कुणी मांडला होता हेही कुणाला आठवेना. उपताईसाठी मास्तरांनी एकच बोट वर केलं, वर्गात पोरं परवानगी मागतात तसं, आणि लगेच आजूबाजूला पाहिलं.

"तुमचं काय?" नणंदेने औषधवाल्याला विचारलं.

"माझं दुकान आहे," औषधवाला म्हणाला. "मी ज्याच्याविरुद्ध हात वर करीन तो उद्यापासून खोकल्याचं औषध दुसऱ्या गावाहून आणेल. मला वगळा."

"म्हणजे एकास एक," मास्तर म्हणाले. "आता अध्यक्षांचं मत."

"माझं?"

"माझं नाही, तुमचं."

"थांबा," वखारवाला म्हणाला. "हात वर करायचाच झाला तर तोंडही उघडतो. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा कुणाशी तरी दावा आहे." तो उपताईकडे वळला. "तुझं काम चोख आहे. त्याबद्दल वाद नाही. पण तू दोनदा त्या खुर्चीत बसलीस. दुसऱ्या खेपेला मी वखारीपुढच्या रस्त्यावर ओंडके रचले होते. अर्धा रस्ता अडवला होता. आठवतं?"

"आठवतं."

"मुद्दाम रचले होते असं नाही. जागा नव्हती. पण रोज वाटायचं, आज ही येईल, आज मला झापेल. सगळा उन्हाळा मी वाट बघितली. आणि तू काय केलंस? लोकांना वळसा घालता यावा म्हणून भिंतीवर बाण काढून दिलास."

"बाण चांगला होता," मास्तर म्हणाले.

"बाण फक्कड होता. म्हणूनच म्हणतो. कुणालाही नाही न म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी गाव देणार नाही. राग मानू नकोस."

उपताईने राग येतो का ते पाहिलं. आला नाही. पण म्हातारा बोलत होता ते खरं होतं, बाण तिने स्वतः उभं राहून रंगाऱ्याकडून काढून घेतला होता आणि तो जरा तिरका झाला म्हणून पुन्हा काढायला लावला होता. एक गोष्ट मात्र तिला नवीन होती. कुणीतरी तिच्याबद्दल बसून विचार केला होता, आणि विचार करून नको म्हटलं होतं. इतक्या वर्षांत तेवढे कष्ट कुणी घेतले नव्हते.

"वन्सं," ती म्हणाली, "करा हात वर. कुठलाही."

नणंदेने ग्लास टेबलाच्या पार टोकाला सरकवला. हात पदराला पुसल्यासारखे पोटाशी पुसले, पण आज त्यांना पीठ नव्हतं.

"संस्था," ती म्हणाली, आणि हात वर केला. "तू माझ्या भावाची बायको आहेस म्हणून नाही हं." हात वरच होता. "किंवा म्हणूनही असेल. मला नाही सांगता येत."

उपताईने लिहून घेतलं. एकमताने हा शब्द खोडला आणि वर दोन विरुद्ध एक असं नीट लिहिलं.


आयत्या वेळचा विषय

"झालं एकदाचं," नणंद म्हणाली. "आता संस्थेचा माणूस येईपर्यंत हंगामी म्हणून तू आहेसच." तिने जगमधून ग्लास भरला.

"हात," मास्तर म्हणाले. त्यांना त्यात आता गोडी लागली होती.

हात वर गेले. वखारवाल्याचा, मास्तरांचा, अध्यक्षांचा. औषधवाल्याचा सगळ्यांत उंच. बाकावरच्या पोस्टमननेही केला, त्याला मत नसताना.

आपल्यासाठी एवढे हात वर झालेले उपताईने जन्मात पाहिले नव्हते. ती पाहत राहिली. तळहात, बोटं, एक अंगठी, एक तुटलेलं पेर. सगळे आनंदात होते.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"हंगामी नाही. मी उपप्रशासक आहे, ते काम करीन. साहेबांच्या जागी सही करणार नाही."

"मग सही कोण करणार?"

"नियमाने अध्यक्षांनी करायची."

"मी?" नणंद म्हणाली. "वहिनी, माझी भट्टी पहाटे पेटते. मी इथे येऊन गटारांच्या कागदांवर सह्या करत बसू?"

"दुपारची या."

हात एकेक करून खाली आले. वखारवाला तोंडावर मूठ धरून हसत होता, खांदे हलत होते.

"आत्ता म्हणतेस होय," तो म्हणाला. "माझं लाकूड विकून झाल्यावर."


आभारप्रदर्शन

राहून गेलं.


घरी

नवऱ्याला सगळं पोस्टमनकडून दुकानातच कळलं होतं. तो जेवणाच्या टेबलाशी बसून कुणाचा तरी चष्मा पुसत होता. काच लख्ख झाली तरी पुसत होता.

"ताईने हात वर केला म्हणे."

"केला."

"तुझ्याविरुद्ध."

"हो."

"आता मी तिच्याशी बोलू की नको बोलू? सांग तसं करतो."

"बोला की. तुमची बहीण आहे."

"आणि तू?"

उपताईने जरा शोधलं. "मला भूक लागलीय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.


अध्यक्षांच्या परवानगीशिवाय आलेला विषय

साहेब गेला. त्याला निरोप म्हणून एक पेन दिलं, टोपण नसलेलं, दाबून उघडायचं. ते कुणी मुद्दाम निवडलं होतं की काय, कुणास ठाऊक.

मोठ्या खोलीत आता दुपारची नणंद बसते. फोनवर पीठ, शिक्क्यावर पीठ, दाखल्यांवर अंगठ्याचे पांढरे ठसे. पहिले काही दिवस ती भिंतीवर थाप मारून विचारायची, "वहिनी, हे काय आहे?" उपताई जाऊन सांगायची, पण सही करायची नाही. मग नणंद दोन-तीन जणांवर खेकसली, पाइपांच्या कंत्राटदाराला तर तिने बाहेर काढलं, आणि गावाला त्याचं फार कौतुक वाटलं. घरी ती पूर्वीसारखीच येते. दोघी बोलतात. काय बोलायचं नाही हे दोघींना माहीत आहे, आणि उरलेलं पुष्कळ आहे.

ऑफिसात येणारा प्रत्येक फोन मात्र नणंद उपताईच्या छोट्या खोलीत वळवते.

त्या दुपारीही वळवला. पलीकडे एक बाई होती, भरतीच्या संस्थेतली. आवाज स्वच्छ, धुतलेल्या कपासारखा.

"जाहिरातीआधी थोडी माहिती हवी होती. आपण सांगू शकाल?"

"विचारा."

बाईने गावाची वस्ती विचारली, कर्मचारी विचारले, ऑफिसला लिफ्ट आहे का विचारलं. उपताई सांगत गेली. पलीकडे की-बोर्ड वाजत राहिला.

"माणूस कसा हवाय आपल्याला?"

"नाही म्हणणारा."

"म्हणजे खंबीर."

"तसं लिहा."

"आणि गावातलं कुणी इच्छुक आहे का? असेल तर नाव आमच्याकडे आधी आलेलं बरं. नंतर वाद होतात."

भिंतीपलीकडे नणंद कुणाला तरी सांगत होती की तिला काय वेडी समजता का. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायचं राहिलं होतं. उपताईच्या हातात रिसीव्हर होता, आणि तो कानाला चिकटल्यासारखा वाटत होता.

"हॅलो?" बाई म्हणाली. "मग नाही असं लिहिते."

उपताई दचकली. तिच्या गावात गप्प राहिलं की होकार धरायचे. या बाईच्या ऑफिसात गप्प राहिलं की नकार होत होता, आणि तिथे कुणी ग्लाससुद्धा उचलला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "आहे."

"बरं. नाव?"

उपताईने नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनावासकट. गावात ते कुणी वापरत नव्हतं. बाईने एकेक अक्षर विचारलं तेव्हा तिला स्वतःलाच सावकाश सांगावं लागलं.

"सध्या काय करतात?"

"उपप्रशासक."

"अनुभव?"

"दोनदा हंगामी. तिसऱ्यांदा नको म्हणाल्या."

"का?"

"ते त्यांना विचारा."

"विचारू. आणि हे पद का हवंय, एका वाक्यात? तेवढं सगळ्यांचंच घेतो आम्ही."

उपताईने वाक्य शोधलं. जाहिरातीत शोभतील अशी वाक्यं तिला पुष्कळ येत होती, तिनेच आजवर तिघा साहेबांसाठी ती लिहून दिली होती.

"हवंय म्हणून," ती म्हणाली.

"असंच लिहू?"

"असंच लिहा."

"लिहिलं. आणि ही माहिती कुणी दिली म्हणून टाकू? आपलं नाव?"

"तेच," उपताई म्हणाली.

पलीकडचा की-बोर्ड थांबला. मग पुन्हा वाजायला लागला.